ड्राइव्हवर चालणारे मशीन सुरक्षितपणे कसे थांबवावे

व्हीएफडीचे पुढचे कव्हर काढले की कंट्रोल टर्मिनलच्या पट्टीवर एका टोकाला एसटीओ असे लिहिलेले पॉइंट दिसतात. कितीतरी पॅनेलमध्ये तिथे कंपनीतून आलेले जंपर जसेच्या तसे बसलेले असतात. ड्राइव्ह चालायला ते लागतात, म्हणून वायरमन त्यांना हात लावत नाही, आणि इमर्जन्सी बटणाची वायर शेजारच्या साध्या डिजिटल इनपुटला जाते. कमिशनिंगच्या वेळी बटण दाबून बघितले जाते, मोटर थांबते, कागदावर सही होते. ती सही करण्याआधी काय काय ठरवायला आणि तपासायला हवे, त्याबद्दल हा लेख आहे. मशीन बनवणारे, पॅनेल बनवणारे आणि जुन्या मशीनवर नवा ड्राइव्ह चढवणारे मेंटेनन्सचे लोक अशा तिघांसाठी तो लिहिला आहे.

डिजिटल इनपुटवरून मोटर थांबते ती ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर. इनपुटचा ऑप्टोकपलर बिघडला, प्रोसेसर अडकला किंवा कोणी पॅरामीटर बदलून त्या इनपुटला दुसरेच काम दिले, तर बटण दाबूनही मोटर फिरत राहते. असा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो आणि बटणाची खरी गरज पडते नेमक्या त्याच क्षणी उघडा पडतो. फंक्शनल सेफ्टीची मागणी अशी, की सुरक्षेचे काम ज्या सर्किटवर सोपवले आहे त्यातला एक भाग बिघडला तरी ते काम पार पडले पाहिजे, आणि झालेला बिघाड पुढच्या वापराआधी समोर आला पाहिजे.

एसटीओ म्हणजे सेफ टॉर्क ऑफ ही मागणी हार्डवेअरमधून पुरी करते. ड्राइव्हच्या आउटपुटला सहा आयजीबीटी असतात. ते ठरावीक क्रमाने चालू-बंद होत राहिले तरच डीसी बसमधून मोटरला फिरते चुंबकीय क्षेत्र मिळते. एसटीओचे दोन चॅनेल या आयजीबीटींच्या गेटला जाणारे पल्स दोन स्वतंत्र वाटांनी तोडतात, प्रोसेसरला न विचारता. एखादा आयजीबीटी शॉर्ट झाला तरी मोटर फिरू शकत नाही. दोन वेगवेगळ्या फेजमधले दोन आयजीबीटी, एक वरचा आणि एक खालचा, एकाच वेळी शॉर्ट झाले तर परमनंट मॅग्नेट मोटर एक झटका देऊन थांबते. चार पोल-पेअरची सर्वो मोटर असेल तर हा झटका जास्तीत जास्त ४५ अंशांचा. गिअरबॉक्सनंतर तो नगण्य होतो, पण मोटर थेट रोलरला जोडलेली असेल तर त्याचाही विचार करावा लागतो.

इथपर्यंत सगळे चांगलेच आहे. अडचण पुढे येते. ड्राइव्हमध्ये एसटीओ आहे, ती सेफ्टी रिलेला जोडली, म्हणजे मशीन सुरक्षित झाले, असे धरून चालण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे. एसटीओ फक्त टॉर्क काढून घेते. फिरणारा लोड थांबवण्याचे काम तिचे नाही, आणि लोड थांबायला किती वेळ घेईल हे तिला ठाऊकही नसते. म्हणून माझा आग्रह असा, की कॅटलॉग उघडण्याआधी मशीनजवळ उभे राहून एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढा: या ठिकाणी माणसाचा हात आत गेला तर मोटरने नेमके काय करायला हवे आणि किती वेळात? सगळे डिझाइन या उत्तरावर उभे राहते.

एक हिशोब करून पाहू. एका रोलर मशीनच्या तोंडाशी बोट ओळखणारा, म्हणजे १४ मिमी रेझोल्यूशनचा लाइट कर्टन लावायचा आहे. आयएसओ १३८५५ नुसार कर्टन आणि धोक्याची जागा यांतले अंतर म्हणजे हाताचा वेग गुणिले थांबायला लागणारा एकूण वेळ. हाताचा वेग आधी सेकंदाला २००० मिमी धरतात. उत्तर ५०० मिमीच्या वर गेले तर १६०० धरून पुन्हा काढतात. कर्टनला २० मिलिसेकंद, सेफ्टी रिलेला २०, ड्राइव्हला २० असे ६० मिलिसेकंद तर इलेक्ट्रॉनिक्समध्येच गेले. आता रोलर नुसता एसटीओवर सोडला आणि घरंगळत ४ सेकंदांनी थांबला, तर अंतर निघते साडेसहा मीटर. कर्टन शेजारच्या मशीनपर्यंत न्यावा लागेल. तोच रोलर ड्राइव्हने ब्रेक लावून ०.३ सेकंदात थांबवला तर एकूण वेळ ०.३६ सेकंद आणि अंतर ५७६ मिमी. ऑपरेटर नीट उभा राहू शकेल असे. फरक पडला तो फक्त थांबवण्याच्या पद्धतीने.

या दुसऱ्या पद्धतीचे नाव सेफ स्टॉप १, म्हणजे एसएस१. आधी ड्राइव्ह रॅम्पवर वेग खाली आणतो, मग एसटीओ लागते. आयईसी ६०२०४-१ मध्ये थांबण्याच्या तीन श्रेणी आहेत. श्रेणी ० मध्ये ऊर्जा ताबडतोब तोडली जाते, श्रेणी १ मध्ये आधी थांबवून मग तोडतात, श्रेणी २ मध्ये थांबवूनही ऊर्जा चालूच ठेवतात. इमर्जन्सी स्टॉपसाठी पहिल्या दोनच चालतात. एसटीओ श्रेणी ० मध्ये बसते आणि एसएस१ श्रेणी १ मध्ये. ड्राइव्हमधल्या या साऱ्या फंक्शनच्या व्याख्या आयईसी ६१८००-५-२ या मानकात आहेत. एकाच नावाचे फंक्शन दोन कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये वेगळे वागताना दिसले, तर मॅन्युअल या मानकाशी ताडून पाहावे.

एसएस१ मध्येही एक खाच आहे, आणि ती साखर कारखान्यातल्या बॅच सेंट्रिफ्युगलवर चांगली दिसते. बास्केटमध्ये मॅसेक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचे दाट मिश्रण भरते, बास्केट मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेते, मळी जाळीतून बाहेर पडते, मग वेग पन्नास-साठ फेऱ्यांवर आणून साखर खरवडून खाली पाडतात. भरलेल्या बास्केटचे वजन टनात असते. वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. अशा मशीनला पूर्ण वेगात नुसती एसटीओ दिली तर ड्राइव्हची ब्रेक लावण्याची ताकद आपणच काढून घेतो आणि बास्केट बराच वेळ फिरत राहते. इमर्जन्सीचे बटण दाबले म्हणून मशीन जास्त वेळ धोकादायक राहिले, असा उलटा प्रकार होतो.

म्हणून एसएस१ घेतली. पण तिचा साधा प्रकार, एसएस१-टी, फक्त वेळ मोजतो. समजा ३० सेकंद ठरवले, तर ३० सेकंदांनी एसटीओ लागणार. मधल्या काळात वेग खरेच उतरला की नाही याची तो दखल घेत नाही. रिजनरेशन होत असताना वीज गेली, ब्रेकिंग रेझिस्टर जळलेला असला किंवा डीसी बसचा व्होल्टेज वाढून ड्राइव्ह ट्रिप झाला, तर ३० सेकंदांनंतरही बास्केट जोरात फिरत असेल. झाकणाचे लॉक त्याच टायमरवर उघडणार असेल, तर आपणच माणसाला फिरत्या बास्केटपर्यंत नेऊन सोडले. एसएस१-आर हा प्रकार रॅम्पवर नजर ठेवतो आणि वेग ठरल्याप्रमाणे उतरत नसेल तर लगेच एसटीओ लावतो. मात्र त्यानेही बास्केट थांबत नाही, फक्त गडबड वेळेत कळते. त्यामुळे ज्या मशीनचा लोड जड आहे, तिथे गार्डचे लॉक प्रत्यक्ष वेग शून्य झाल्याच्या सुरक्षित सिग्नलवरच उघडावे: सेफ एन्कोडर, सेफ्टी दर्जाचा स्पीड मॉनिटर, किंवा दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि त्यांना तपासणारा रिले. वीज नसताना लॉक बंदच राहील असे, म्हणजे स्प्रिंगने बंद होणारे आणि विजेने उघडणारे घ्यावे. मेकॅनिकल ब्रेक काढून टाकण्याचा मोह इथे होऊ देऊ नये.

उभ्या दिशेत चालणाऱ्या लोडची गोष्ट वेगळी. गॅन्ट्री लोडरचा खालीवर होणारा अक्ष, होइस्ट, लिफ्टर यांना एसटीओ दिली की टॉर्क जातो आणि लोड गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागतो. तिथे सेफ ब्रेक कंट्रोल लागते, आणि ब्रेक झिजला नाही ना हे ठरावीक काळाने टॉर्क देऊन तपासावे लागते. ब्रेक तपासलेला असला तरी कामासाठी खाली उभे राहायचे असेल तर यांत्रिक टेकू लावलाच पाहिजे.

आता दर्जा किती हवा याचा प्रश्न. आयएसओ १३८४९-१ मध्ये तो पीएल ए ते पीएल ई असा मोजतात. इजा किती गंभीर होऊ शकते, माणूस धोक्यापाशी किती वेळा जातो, आणि प्रसंग आला तर निसटता येईल का, ही तीन उत्तरे दिली की लागणारा पीएल ठरतो. हात कायमचा जायबंदी होऊ शकतो, ऑपरेटर दर मिनिटाला हात घालतो, पण वेग कमी असल्याने मागे घ्यायला वाव आहे: उत्तर पीएल डी. वाव नसेल तर पीएल ई. पीएल डी म्हणजे धोकादायक बिघाडाची शक्यता ताशी १० लाखांत एकाहून कमी. ही शक्यता पूर्ण साखळीची असते, एकट्या ड्राइव्हची नव्हे. दाराचा स्विच, सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी आणि ड्राइव्हची एसटीओ या तिघांचे आकडे बेरजेत येतात. ड्राइव्हच्या लेबलवर एसआयएल ३, पीएल ई छापलेले असते आणि दाराला एकाच कॉन्टॅक्टचा साधा लिमिट स्विच असतो, अशी पॅनेल मी बरीच पाहिली आहेत. त्या मशीनची सुरक्षा त्या लिमिट स्विचइतकीच.

ड्राइव्हच्या पुढे-मागे दोन कॉन्टॅक्टर लावून ऊर्जा तोडण्याची जुनी पद्धत मात्र टाकाऊ समजू नका. योग्य जोडली तर तीही पुरेशी सुरक्षित असते. तिचा खर्च वेगळ्या जागी निघतो. समजा कॉन्टॅक्टरचा बी१०डी आकडा १३ लाख ऑपरेशनचा आहे, म्हणजे तितक्या वेळा चालेपर्यंत दर दहांतला एक धोकादायक रीतीने बिघडलेला असेल. मशीन दोन पाळ्यांत वर्षाला ३०० दिवस चालते आणि दर मिनिटाला एकदा गार्ड उघडते. वर्षाची ऑपरेशन झाली २ लाख ८८ हजार. साडेचार वर्षांत तो कॉन्टॅक्टर बदलायला हवा, चालत असला तरी. हे कोणाच्या मेंटेनन्स शेड्यूलमध्ये लिहिलेले असते? शिवाय इनपुटचा कॉन्टॅक्टर दर मिनिटाला पडू लागला तर ड्राइव्हचे प्री-चार्ज सर्किट लवकर मरते, आणि चालत्या लोडवर आउटपुटचा कॉन्टॅक्टर उघडणे ड्राइव्हलाही मानवत नाही. वारंवार उघडणाऱ्या गार्डसाठी एसटीओ सरस ठरते ती या कारणांनी.

वायरिंगवर थोडे थांबू, कारण चांगले डिझाइन इथे वाया जाते. एसटीओचे दोन चॅनेल सेफ्टी रिलेच्या दोन वेगळ्या आउटपुटवरून न्यायचे. एकाच आउटपुटवरून दोन्ही टर्मिनल लूप केले तर दुसरा चॅनेल असून नसल्यासारखा. पॅनेलबाहेर जाणाऱ्या वायर मोटर केबलच्या डक्टमधून नेऊ नयेत. शील्डेड केबल घ्यावी आणि शील्ड अर्थ करावी. सेमीकंडक्टर आउटपुटचा सेफ्टी रिले स्वतःची वायर शॉर्ट झाली नाही ना हे पाहण्यासाठी मिलिसेकंदाहून छोटे टेस्ट पल्स सोडतो. ड्राइव्हचा एसटीओ इनपुट किती लांबीचा पल्स दुर्लक्षून सोडतो हे दोन्ही मॅन्युअलमध्ये ताडून पाहा. हे जुळले नाही तर मशीन अधूनमधून विनाकारण ट्रिप होते, प्रॉडक्शनवाले वैतागतात, आणि एखाद्या रात्री एसटीओवर पुन्हा जंपर बसतो. चार-पाच दारांचे कॉन्टॅक्ट एका सिरीजमध्ये जोडतानाही जपावे. एका दारातला दोष दुसरे दार उघडल्याने रिलेच्या नजरेआड होऊ शकतो आणि रिसेट बिनबोभाट स्वीकारला जातो. प्रत्येक दार वेगळ्या इनपुटवर घेता आले तर उत्तम. नाहीतर स्वतःची तपासणी करणारे कोडेड स्विच घ्या.

ड्राइव्ह प्रोफिसेफ किंवा फेल सेफ ओव्हर इथरकॅट अशा सेफ्टी नेटवर्कवर असेल तर या वायर कमी होतात. पण वॉचडॉगचा वेळ थांबण्याच्या वेळात धरायला विसरू नका. सुरक्षेचे अंतर पुन्हा काढावे लागते.

रिसेटकडे फार कमी लक्ष जाते. इमर्जन्सीचे बटण ओढून सोडले, की मशीन आपोआप सुरू होता कामा नये. ते फक्त सुरू होण्यास तयार व्हावे. पीएलसीचा रन सिग्नल कायम राहिला असेल आणि ड्राइव्हमध्ये स्टार्ट लेव्हलवर घेतला असेल, तर एसटीओ परत मिळताच काही ड्राइव्ह थेट धावतात. पॅरामीटरमध्ये स्टार्ट पल्सच्या कडेवर घ्या आणि एसटीओ गेली की पीएलसीनेही रन काढून घ्यावा असे प्रोग्रॅममध्ये लिहा. रिसेटचे बटण धोक्याच्या जागेबाहेर आणि ती संपूर्ण जागा दिसेल अशा ठिकाणी बसवा. माणूस आत शिरून दार मागे ओढून घेऊ शकेल इतका मोठा सेल असेल तर हे फार महत्त्वाचे.

सेटिंग आणि साफसफाईचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. दाराच्या स्विचचा सुटा मॅग्नेट टेपने चिकटवलेला दिसला, की ऑपरेटरला बेशिस्त म्हणून मोकळे होतात. पण तो मॅग्नेट का चिकटवला हे त्याला विचारा. बहुधा उत्तर असे येते: वेब ओवायला, जॉब अलाइन करायला किंवा रोलर पुसायला मशीन हळू फिरवावे लागते आणि दार उघडले की ते पूर्ण मरते. म्हणजे मशीन बनवणाऱ्याने त्या कामाची सोयच ठेवलेली नाही. इथे सेफली लिमिटेड स्पीड, म्हणजे एसएलएस वापरायची. चावीने मोड निवडला, की दार उघडे असताना ठरलेल्या कमी वेगावर आणि हातातले तीन स्थितींचे एनेबल बटण मधल्या स्थितीत धरले असतानाच मोटर फिरते. बटण सोडले किंवा दचकून जोरात दाबले, तरी थांबते. वेग ओलांडला तर ड्राइव्ह स्वतःच मोटर थांबवतो. साधा इंचिंगचा पॅरामीटर हे काम करू शकत नाही, कारण वेगावर स्वतंत्र नजर कोणाचीच नसते. कमी वेग म्हणजे किती हे मशीनच्या प्रकारावर आहे. रोबोट शिकवताना तो सेकंदाला २५० मिमीपर्यंत असतो, रोलरच्या सांध्यापाशी याहून बराच कमी लागतो. एसएलएससाठी ड्राइव्ह थोडा महाग पडतो. तरी ज्या मशीनवर माणसाला रोज आत हात घालावा लागतो, तिथे हा खर्च मी सर्वांत आधी करीन.

देखभालीच्या माणसासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. एसटीओ लागली म्हणजे ड्राइव्ह मेला असे नाही. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर डीसी बसला साधारण ५८७ व्होल्ट असतात आणि मोटरच्या टर्मिनलवरही धोकादायक व्होल्टेज असू शकतो. मोटरची केबल सोडायची असेल तर आयसोलेटर बंद, कुलूप, टॅग, ड्राइव्हवर लिहिलेली थांबण्याची मिनिटे, आणि मग मीटरने खात्री. एसटीओची चावी हा लॉकआउट नव्हे.

कायद्याची बाजू थोडक्यात. धोकादायक फिरत्या भागांना कुंपण आणि अडीअडचणीत ताकद तोडण्याचे साधन, या दोन्ही गोष्टी १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ आणि २४ मध्ये होत्याच. २०२४ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने यंत्रांच्या सुरक्षेबाबतचा तांत्रिक नियमन आदेश काढला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, तेव्हा ताजी अधिसूचना पाहूनच निर्णय घ्यावा. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचे जे उद्योजक युरोपला मशीन पाठवतात त्यांच्यासाठी तारीख ठरलेली आहे: २० जानेवारी २०२७ पासून तिथे जुन्या मशिनरी डायरेक्टिव्हच्या जागी २०२३/१२३० हे नवे रेग्युलेशन लागू होते.

शेवटी तपासणी, आणि ती कागदावर नको, मशीनवर करा. एसटीओच्या पहिल्या चॅनेलची वायर काढा. मोटर थांबली पाहिजे, ड्राइव्हने दोष दाखवला पाहिजे, रिसेट नाकारला गेला पाहिजे. ती लावा, दुसरी काढा. दोन्ही चॅनेल एकमेकांना शॉर्ट करून पाहा. दाराचा एक कॉन्टॅक्ट तोडून दार उघड-बंद करा. थांबण्याचा वेळ सर्वांत जास्त वेगावर आणि सर्वांत जड लोडवर मोजा, ब्रेक आणि रेझिस्टर तापलेले असताना मोजा, आणि सुरक्षेच्या अंतराच्या गणितात तोच आकडा घाला. पुढे ज्या दाराचा वापर क्वचित होतो ते मुद्दाम उघडून पाहण्याचे वेळापत्रक ठेवा: पीएल ई असेल तर महिन्यातून एकदा तरी, पीएल डी असेल तर वर्षातून एकदा.

आणि ड्राइव्ह बदलण्याच्या वेळेची सूचना पॅनेलच्या दारावर आतून चिकटवून ठेवा. रात्रपाळीत ड्राइव्ह जळतो, स्टोअरमधून नवा येतो, त्यात जंपर बसलेले असतात आणि सेफ्टीचे पॅरामीटर कोरे असतात. त्या कागदावर एवढे असावे: जंपर काढा, एसटीओच्या दोन्ही वायर या नंबरच्या टर्मिनलला लावा, सेफ्टी पॅरामीटरची फाइल इथून घ्या, लोड केल्यावर चेकसम हा दिसला पाहिजे, त्यानंतर दोन्ही चॅनेलची वायर एकेकदा काढून तपासा, आणि तपासणाऱ्याने नाव, तारीख, वेळ इथे लिहावी.